चंद्रीची मान

मंठाळच्या जगदेवप्पा बळगाराला बायको एक होती, नागव्वा, आणि घोडी एक होती, चंद्री; तो दोघींपैकी कुणाला जास्त भितो यावर गावात दोन तट होते. बांगड्या विकणाऱ्याला घोडी अशी लागते, की ती चालतेय हे पाठीवरच्या पेट्यांना कळूसुद्धा नये. चंद्री तशी होती. मंठाळहून कल्याणीच्या बाजाराला खडकाळ वाटेनं जाऊन पेटी उघडावी, तर काचेची एकही बांगडी तडकलेली नसायची. जगदेवप्पा स्वतः मात्र घरच्या उंबऱ्याला रोज ठेचकाळायचा. "तुमालाच खोगीर घातलं तर एक बांगडी उरायची न्हाई," नागव्वा म्हणायची.

रझाकारी संपली, लष्कर आलं आणि गेलं. जाताना माळावर काटेरी तारेचं एक वेटोळं विसरून गेलं. राज्यं बदलली की मागं काहीबाही राहतंच. एके दिवशी चरता चरता चंद्री त्यात शिरली, आणि बाहेर आली तेव्हा खांद्यामागं, उजव्या बरगडीवरचं कातडं लोंबत होतं.

कल्याणीचा नालबंद मस्तानसाब आला. घोड्यांशी गोड बोलावं आणि माणसांवर खेकसावं, असा त्याचा स्वभाव. त्यानं जखम धुतली, शिवली, लिंबोळीचं तेल लावलं आणि म्हणाला, "अब खाज छूटती. दातां लगाने नक्को देव. टांके तोडी तो फिर पैले से." मग जरा थांबून हळू आवाजात, "और सुनो जगदेवप्पा. गर्दन फिराती, काटने जाती, तबतक डर नै. गर्दन लकडी हुई तो मेरेकू बुलाव मत."

हे जगदेवप्पाला सांगायची गरज नव्हती. त्याच्या बापाचा घोडा तसाच गेला होता. जखम एवढीशी, खिळ्याची; पण एका सकाळी मान ताठ, कान ताठ, शेपूट उभी, आणि तोंडापुढं गूळ धरला तरी दात उघडेनात. ते लाकडी जनावर अजूनही जगदेवप्पाच्या स्वप्नात यायचं. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

मस्तानसाबनं कळकाच्या काठ्या वर-खाली दोरीत ओवल्या आणि ती माळ चंद्रीच्या गळ्यात बांधली. तिला वैरण खाता येई, पाणी पिता येई, मागं तेवढं वळता येईना.

"बरं झालं," नागव्वा म्हणाली. "तुमच्या गळ्यात लिंग, माझ्या गळ्यात तुमी, आन हिच्या गळ्यात काठ्या. घरात मोकळं कुनीच न्हाई."

चंद्री दिवसरात्र त्या काठ्यांशी भांडायची. गोठ्यातून सारखी खडखड, खडखड. त्याच सुमारास अंगणातल्या लिंबावर एक कावळा येऊन बसायला लागला. ओरडायचा नाही. मान तिरकी करून जखमेकडं बघत बसायचा, पंगतीला बोलावलेल्या पाहुण्यासारखा. जगदेवप्पानं बाजार सोडला आणि काठी घेऊन झाडाखाली ठाण मांडलं. शेजारचा राघोबा जाता-येता विचारायचा, "काय बळगार, कावळ्याला बांगड्या भरायलास का?" जगदेवप्पा हसायचा, पण नजर वर.

हळूहळू जखमेवर खपली धरली. आणि तेवढ्यात कारहुणवी आली.

आमच्याकडं कारहुणवी म्हणजे बैलांचा सण. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, आणि तिथून सण सरेपर्यंत त्याच्या मानेला लाकूड लावायचं नाही. नागव्वा निंबर्ग्याच्या बैलवाल्या घरातली लेक. सासरी बैल नव्हता, म्हणून दरवर्षी ती चंद्रीचीच खांदेमळणी करायची. चंद्रीनं जन्मात जू पाहिलं नव्हतं, पण लोण्याची सवय तिला चांगली लागली होती.

दिवेलागणीला जगदेवप्पा तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसला होता. काठ्या जमिनीवर पडल्याचा आवाज आला. त्यानं एक डोळा उघडला.

"नागव्वा, काठ्या कामून सोडलीस?"

"सणाला मानेवर लाकूड ठेवत्यात व्हय? बसवण्णाला काय तोंड दाखवू?"

"अगं, ती बैल न्हाई."

"मंग काय तुमची मावशी हाय? एका रातीनं काय व्हतंय. मी बसते जवळ."

जगदेवप्पाला नाही म्हणता आलं असतं. पण ती तार लागल्यापासून कुठल्याच देवाचं मन मोडायची त्याची छाती नव्हती. त्यानं उघडलेला डोळा मिटून घेतला.

नागव्वानं खांदा मळला. मायेचा हात, तो खांद्यावर थांबतो कुठं? खपली कोरडी दिसली, तिलाही थोडं लोणी लागलं. पहाटे नागव्वाचा डोळा लागला. चंद्रीनं आधी लोणी चाटलं, मग खपली, मग टाके.

उजाडलं तेव्हा बरगडी लाल होती आणि कावळा खाली उतरून गोठ्याच्या दारात, घरच्या मालकासारखा, फेऱ्या घालत होता.

जगदेवप्पानं जखम धुतली, तेल लावलं, माळ पुन्हा बांधली. गावचे बैल शिंगं रंगवून वाजतगाजत दारावरून गेले. नागव्वा बाहेर आली नाही.

दोनेक दिवस खडखड चालू होती. मग ती थांबली.

"शिकली बघा," नागव्वा म्हणाली. "आता तिकडं बघतबी न्हाई. गुणाची बाई."

जगदेवप्पाच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. तो गोठ्यात गेला. चंद्री भिंतीकडं तोंड करून सरळ उभी होती. वैरण तशीच. त्यानं हाक मारली. कान हलला की माशी हलली, त्याला कळेना. त्यानं काठ्यांच्या गाठी सोडायला सुरुवात केली.

"अवं, काय करायलाव! तोडंल की ती!"

"तोडू दे."

माळ खाली पडली. चंद्री हलली नाही. त्यानं जखमेशेजारी गुळाचा खडा धरला. "चंद्रे, मागं बघ की. हिकडं बघ." घोडी भिंतीकडंच बघत राहिली. लिंबावर पंख झटकल्याचा आवाज आला.

तेव्हा नागव्वाला समजलं. सासऱ्याच्या घोड्याची गोष्ट तिनं नवऱ्याच्या झोपेतल्या बडबडीत कितीदा ऐकली होती. ती आत गेली आणि लोण्याची वाटी घेऊन आली. बोटभर लोणी चंद्रीच्या नाकाशी धरलं आणि ते बोट हवेतनं हळूहळू मागं, बरगडीपर्यंत नेलं.

नाकपुड्या फुलल्या. मान आधी थोडी, मग अजून थोडी वळली. गोगलगाय बरी म्हणावी अशी वळत वळत चंद्री जखमेपर्यंत पोचली, आणि लोणी बाजूला ठेवून तिनं कडकडून जखमेलाच दात लावले.

"चाव!" जगदेवप्पा ओरडला. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी. "चाव गं माझे आई, चाव!"

मग रक्त बघून, "ए, पुरे! पुरे की रांडे!" म्हणत दोघंही तिच्या गळ्यात पडले आणि माळ बांधून टाकली.

जखम परत पहिल्यापासून उघडी होती. कावळा लिंबावरून उठला नव्हता. गोठ्यातून मात्र पुन्हा खडखड सुरू झाली, आणि त्या खडखडीत नवरा-बायकोला झोप लागायला लागली. मध्येच आवाज थांबला की जगदेवप्पा ताडकन उठून बसायचा, आणि अंधारात नागव्वा म्हणायची, "पडा. पानी प्यायलीय ती."

आणि मग दोघंही, ती पाणी पिऊन होईपर्यंत, कान देऊन जागी राहायची.