ओटीत घातलेली पोर

त्या दिवशी दुपारी मी आणि बायको तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "पूनमचे कागद करून घ्या आता. किती वर्षं नुसतं करू, करू?" मी म्हणालो, "तुझी आपली कटकट. शेंगा बघ, अळी आहे त्यात." एवढंच. संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझं शेवटचं बोलणं अळीबद्दल झालं.

मी सातवी शिकलेला माणूस. बडोद्याजवळ बाजव्याला राहतो, कारखान्यात फिटर होतो. आम्हाला मूल झालं नाही. पूनम माझ्या मेव्हण्याची तिसरी मुलगी. दोन महिन्यांची असताना मेव्हण्याने आणि त्याच्या बायकोने ती बडोद्यात दत्ताच्या देवळात, भटजी आणि चार माणसांसमोर, माझ्या बायकोच्या ओटीत घातली. पेढे वाटले, फोटो काढला, झालं. आमच्याकडे असंच करतात. पूनमलाही हे ठाऊक आहे. जन्मदाखल्यावर मात्र मेव्हण्याचंच नाव राहिलं.

तेराव्याला मेव्हणा हात धुताना म्हणाला, "दाजी, परीक्षा झाली की पूनमला घेऊन जातो. सोळा वर्षांची पोर, तुम्ही एकटे गडी. लोक काय म्हणतील?" कागद त्याच्या बाजूचा. तेव्हापासून मला भीतीने धरलं. दारात रिक्षा थांबली तरी मी खिडकीतून डोकावायचो. पूनमला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी फाटकात उभा. देवापुढे बसायचो, पण नाम ओठावर येईना. तिला नेलंस, आता हिलाही नेणार, एवढंच मनात.

शेवटी कोर्टात जाऊन वकील गाठला. पण तिथे मी खोटं बोललो. टीव्हीवर मुलं विकणाऱ्या टोळ्या पाहिलेल्या. सरकारला न विचारता पोर घेतली म्हणजे आपणही त्यातलेच, मला आत टाकतील, पूनमला आश्रमात ठेवतील, असं डोक्यात बसलेलं. याच भीतीने, बायकोने कागदांचं काढलं की मी टाळत आलो होतो. म्हणून ओटीचं लपवलं. म्हणालो, बायकोची भाची आहे, आमच्याकडे राहते, दत्तक घ्यायची आहे. वकिलाने वय विचारलं आणि मान हलवली. "पंधरा पूर्ण झाली, काका. त्यानंतर कायद्याने दत्तक होत नाही."

बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक गुजराती म्हातारी होती, स्वतःच्या तारखेला आलेली. तिने पाण्याची बाटली पुढे केली. "भाई, शुं थयुं?" आणि कसं कोण जाणे, मी सगळं ओतलं. देऊळ, ओटी, फोटो, भीती. ती बघतच राहिली. "तो तो तमे छोकरीने खोळे लीधी ज छे! अमारामां पण एम ज थाय." म्हणजे पोर तुम्ही दत्तक घेतलीच आहे; त्यांच्याकडेही मूल असंच मांडीवर देऊन दत्तक जातं. "वकीलने कह्युं?" म्हटलं, नाही. "साव अक्कल वगरना!" अगदीच बिनअकलेचे, म्हणाली आणि दंडाला धरून मला परत आत घेऊन गेली.

वकील माझ्यावर ओरडला, मग नीट समजावलं. आईबापांनी राजीखुशीने मूल दिलं, आम्ही आपलं म्हणून घेतलं, त्याच दिवशी दत्तक झालं. नोंद नसली म्हणून ते खोटं होत नाही. वय धरायचं ते त्या दिवसाचं. आणि असं दत्तक मागून कुणाला मोडता येत नाही. फक्त सिद्ध करावं लागेल. फोटो आणा, साक्षीदार आणा. आईबापांनी येऊन तसा लेख नोंदवून दिला तर सोपं, नाहीतर दावा लावावा लागेल.

बाहेर आलो तोवर म्हातारीच्या तारखेचा पुकारा होऊन ती आत गेली होती. नावही विचारलं नाही मी तिचं.

घरी येऊन मेव्हण्याला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोने. वकील म्हणाला ते सगळं सांगितलं, आणि मग तोंडातून निघून गेलं, "पोर तुमच्या पोटची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी कोर्टात ओढणार नाही." ती म्हणाली, "दाजी, देवासमोर दिलेली पोर मी परत मागू? ह्यांचं नका मनावर घेऊ. ह्यांना सहीला मी आणते."

भीती गेली असं नाही. सह्या व्हायच्या आहेत, मेव्हणा अजून गप्प आहे. पण इतके दिवस मी देवापुढे बसत होतो ते मूठ आवळून, कुणाला काही दिसू नये म्हणून. उघडी केली त्या दिवशी कुणीतरी हाताला धरलं. त्या म्हातारीचे उपकार मानायचे तर आता देवाकडेच मानायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावला. काही मागितलं नाही. मग पूनमला पुढ्यात बसवून तिची वेणी घातली. ते काम बायकोचं, मला कुठलं जमतंय? वाकडीतिकडी झाली. "मस्त झालीय, बाबा," म्हणाली. साफ खोटं. आणि तशीच शाळेत गेली.