जिवली आणि फुगणारी टाकी

जिवलीचा हात जनावराच्या डाव्या कुशीवर पडला की मालकाला निम्मा धीर येत असे. कैनाडपासून पार कासापर्यंत कुणाच्याही बैलाचं पोट फुगलं की आधी आठवण व्हायची ती तिची. ती येई, कुशीवर बोटांनी टिचकी मारी आणि कान लावून आवाज ऐके. मग जनावराच्या तोंडात आडवी काठी बांधायची, पुढचे पाय उंचावर येतील असं त्याला बांधावर चढवायचं, ओवा-हिंग कालवलेलं गोडं तेल पाजायचं आणि कूस चोळत राहायचं. पोटातला वारा सुटला की जिवली पदराने घाम पुसून म्हणे, "सुटला. आता चारा नका दाखवू त्याला सांजपर." एकदाच तिला उशीर झाला होता. रघ्याच्या दारात पोचली तेव्हा त्याचा तांबडा बैल पाय ताणून पडलेला होता. त्या दिवसाविषयी ती कधी बोलत नसे. पण फुगलेलं पोट पाहिलं की तिच्याने स्वस्थ बसवत नसे, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं.

बैल बरे करणं हा काही तिचा पोटाचा धंदा नव्हता. पोटासाठी ती काशीनाथ सावे यांच्या चिकूच्या वाडीत शेणकाम करी. सहा म्हशी आणि दोन बैल यांचं शेण गोळा करायचं, भाताच्या तुसात मळायचं, शेणी थापायच्या, वाळवायच्या आणि पावसाळ्याआधी रचून ठेवायच्या. नवरा गेल्यापासून ती हेच करत आली होती. आता कंबर धरली होती. गवत कापणीला किंवा मिठागरात जाण्याचे दिवस संपले होते. सावे यांच्या वाडीतलं काम होतं म्हणून तिची चूल पेटत होती.

चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर काशीनाथशेठनी त्या शेणींच्या जागेवरच खड्डा खणायला घेतला. रॉकेलसाठी डहाणूला रांगेत उभं राहायचं आणि रिकामा डबा घेऊन परत यायचं, याला ते कंटाळले होते. सुरूचं सरपण दरवर्षी महाग होत होतं. शिवाय विजयमालावहिनींचा खोकला होताच. ओल्या लाकडाच्या धुरात त्यांचे डोळे बारा महिने लाल असत. डहाणूच्या एका सभेत शेठनी शेणाच्या गॅसची माहिती ऐकली आणि ते त्या गॅस-योजनेच्या सरकारी साहेबांना थेट घरी घेऊन आले.

विहिरीसारखा गोल खड्डा बांधून झाला. त्यावर लोखंडी पत्र्याची मोठी टाकी पालथी बसली. एका बाजूला कुंडी होती. तिच्यात शेण आणि पाणी सारखं कालवून ओतायचं. दुसऱ्या बाजूने पातळ शेणकाला बाहेर पडे, तो चिकूच्या बुंध्याला घालायचा. टाकीच्या माथ्यावरून एक नळी स्वयंपाकघरात गेली होती आणि तिच्या तोंडाशी, आतली हवा उघड्यावर सोडायला, एक वेगळी पितळी चावी होती.

"जिवले, शेणी थापणं बंद," शेठ म्हणाले. "आता ही कुंडी तुझी. उभ्याने काम. कंबर सुटली तुझी."

जिवलीला आनंद झाला. पण तिला काही उलगडेना. तीन आठवडे ती त्या खड्ड्यात शेण ओतत राहिली. टाकी हलली नाही. मग एका सकाळी पाहते तर टाकी वीतभर वर आलेली. आत कुणी शिरलेलं नाही, कुणी उचललेली नाही. साहेब आले होते. त्यांनी चावी फिरवली. फुस्स करून घाण वास सुटला.

"पहिली हवा चांगली नसते," साहेब तिला म्हणाले, "ती सोडून द्यायची. ती पेटत नाही."

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काडी लावली आणि निळी ज्योत उभी राहिली. ना धूर, ना राख. विजयमालावहिनी डोळे विस्फारून बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या.

जिवली मात्र ज्योतीकडे न बघता बाहेरच्या शेणकाल्याकडे बघत होती. "वयनी," ती म्हणाली, "जितकं मी घातलं तितकंच हे बाहेर येतंय. मंग जळतंय काय?"

"गॅस जळतो गं."

"तो कंचा? शेणातला? मंग शेण कमी व्हाया नको?"

वहिनींनी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "रासायनिक क्रिया असते," आणि पेपर उघडला. जिवलीने शाळेतल्या मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सूक्ष्म जंतूंपासून सुरुवात केली आणि अर्ध्या तासाने तिथेच येऊन थांबले. जिवलीने मान डोलावली खरी, पण घरी जाताना ती पुन्हा तोच हिशोब घालत होती. इतकं गेलं, इतकं आलं, आणि वरून भाकरी भाजून झाली.

दोन महिने घर खुशीत होतं. मग शेठनी आणखी दोन म्हशी आणल्या. शेण वाढलं. टाकी पूर्वी वीतभर चढे, ती आता पहाटे काठोकाठ वर येऊ लागली, आणि तिथूनच घोळ सुरू झाला. सकाळी चहा होईपर्यंत ज्योत नीट जळे, भाताला मिणमिणे आणि वरणाला विझे. म्हशी वाढल्या आणि गॅस कमी झाला, हे कुणाच्याच डोक्यात बसेना.

"दुपारी कुणाकुणाला चहा पाजतेस?" शेठनी बायकोला विचारलं.

"तुमच्याशिवाय कुणाला पाजते?" वहिनी भडकल्या. "की मी चोरून गॅस पिते म्हणता?"

शेठनी नळीला साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा नाही. पत्र्याला कुठे भोक आहे का पाहिलं. तेही नाही. म्हशींच्या पेंडीत दोष असेल म्हणून पेंड बदलली. कुंडीत पाणी जास्त होतं म्हणून कमी केलं, मग कमी झालं म्हणून वाढवलं. शेजारचे लोक येऊन आपापलं सांगून जात, आणि प्रत्येकाचं ऐकून शेठ आदल्या दिवशीचं उलटं करत. शेवटी चिडून त्यांनी डहाणूहून रॉकेलचे दोन स्टोव्ह मागवले.

"साहेबांना शेवटचं बोलावलंय," त्यांनी जिवलीला सांगितलं. "त्यांनाही जमलं नाही तर टाकी काढून विकतो. शेण सरळ झाडांना. आता शेणी थापायलाही जागा उरली नाही, बाई. तुला काय काम देऊ, मलाच कळत नाही."

जिवली घरी आली ती न जेवता बसली. शेजारची रखमी म्हणाली, "अगं, तू काय चुकलीस त्यात?"

"तेच कळत नाय," जिवली म्हणाली. "मी तर तिला जनावरापरीस जपते. एक दिस चुकवला नाय."

रविवारी साहेब आले. त्यांनीही फेस लावला, पत्रा ठोकला, शेणकाला काठीने ढवळून पाहिला. सगळं उत्तम होतं. ते गोंधळून कपाळ चोळू लागले.

"काशीनाथराव, टाकी धडधाकट आहे. गॅस भरपूर बनतोय. मग कुठेतरी वापरला जातोय."

"ऐकलंत?" वहिनी दारातून म्हणाल्या. "आता साहेबही मलाच म्हणणार."

"नाही नाही, वहिनी. बाई, तुम्ही रोज काय करता ते मला दाखवा बरं. पहाटेपासून. जसंच्या तसं."

जिवलीने पदर खोचला. आपलं काम नीट दाखवलं तर टाकी राहील, असं तिला वाटलं, म्हणून ती काळजीपूर्वक दाखवू लागली. गोठ्यातून शेण कसं उचलते, खडा-काडी कशी निवडते, घमेल्याला घमेलं पाणी कसं घेते. साहेब मान डोलावत होते.

"पण त्याच्या आदी," जिवली म्हणाली, "आल्या आल्या हे करते." ती टाकीजवळ गेली. तिने पत्र्यावर बोटांनी टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, "बगा, कशी तटतटलीय. तुमी दाखवलंत तसं मंग." आणि तिने चावी फिरवली.

फुस्स.

शेठ, साहेब आणि वहिनी तिघंही त्या आवाजाकडे बघत उभी राहिली. टाकी हळूहळू खाली बसू लागली. जिवली ती बसताना मायेने पत्र्यावर हात फिरवत होती.

"बाई, बंद करा!" साहेब ओरडले. "किती वेळ सोडता हे?"

"पोट मऊ होईस्तवर," जिवली म्हणाली. "नव्या म्हशी आल्यापास्नं रोज. सनवारला शेठ डहाणूला जातात, रांधप कमी, परत फुगते, तवा दोन येळा."

शेठ एकदम कडाडले. "जिवले! माझा सगळा गॅस तू वाऱ्यावर सोडलास? मी बायकोला बोललो! दोन स्टोव्ह आणले!"

जिवली जागीच बसली. "तुमीच म्हनलं होतंत, साहेब, पहिली हवा सोडायची," ती कशीबशी म्हणाली. "इतकी फुगली तर फुटायची नाय? मला वाटलं, मरेल."

साहेब खाली बघू लागले. दोन दिवसच सोडायची, हे सांगायचं त्यांच्याकडूनच राहिलं होतं.

"हिला कुंडीवर ठेवायचीच नाही आता," शेठ म्हणाले. "उद्या रघ्याला लावतो."

"रघ्या खडे निवडणार आहे का?" वहिनी अंगणात उतरल्या. "इतक्या महिन्यांत एक काडी अडकली नाही आपल्या नळात. आणि मला गॅस पिते म्हणालात, त्याचं काय करायचं तेवढं सांगा आधी."

वहिनी जिवलीसमोर उकिडव्या बसल्या. "जिवलीबाई, हे पोट नाही. ही कास आहे. रात्रभर भरते, आणि सकाळी-संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पिळते. तू पहाटेच धार काढून मातीत सांडलीस तर मी काय पिळू?"

जिवलीने टाकीच्या काठावर हात ठेवला. "कास," ती पुटपुटली. मग तिने विचारलं, "मंग एक सड सोडता का वासराला?"

"म्हणजे?"

"समदं पिळायचं नसतंय. एक सड ठेवायचा."

शेठना हसावं की रागवावं कळेना. साहेबच म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं. टाकी तळाला टेकेपर्यंत जाळू नये, थोडा गॅस राहू द्यावा."

शेवटी ठरलं ते असं. जिवली कुंडीवर राहील, पण चावीची मूठ काढून स्वयंपाकघरात खुंटीला टांगली जाईल. स्टोव्ह माळ्यावर गेले.

दुसऱ्या पहाटे जिवली आली तेव्हा टाकी काठोकाठ फुगलेली होती. चावीला मूठ नव्हती. तिचे हात दोनदा पुढे गेले आणि मागे आले. गोठ्यात म्हशी रेकत होत्या, पण तिचा पाय निघेना. ती टाकीला टेकून बसली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिली. तिकडे भांडं वाजलं आणि निळी ज्योत उजळली. मग तिच्या पाठीमागचा पत्रा अगदी हळू, बोटभर खाली सरला.

जिवलीने सुस्कारा सोडला आणि घमेलं उचललं. कुंडीत शेण पडलं, तसा पलीकडून काला बाहेर आला. जितका घातला तितकाच. ती काठी हातात धरून पुन्हा तिथेच थांबली आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघू लागली.