झोळीची लांब दोरी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मेहकरला बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. सरांनी सैनिकांच्या मनावरच्या ताणाची एक प्रश्नावली दिली, तेव्हा मला लगेच मोठेबाबा आठवले. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. फौजेतून निवृत्त होऊन डोणगावजवळ आमच्यासोबतच शेती करत होते.

रात्री दचकून जाग येते का, आवाजाची भीती वाटते का, असं मी विचारत गेलो.

"नाही बे. भेव कायचं?" ते हसले.

सगळीकडे शून्य. मला बरं वाटलं. पण ताईची, म्हणजे त्यांच्या लेकीची मुलगी चार महिन्यांची होत आली होती. बाळंतपणाला ताई माहेरीच होती आणि मोठेबाबांनी नातीला अजून एकदाही घेतलं नव्हतं.

त्या वर्षी बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी पडली. किडक्या बोंडांतून कापूस निघेना, म्हणून वेचायला मजूर येईनात. घरचेच सगळे वेचणीला लागलो. ताईनं कडुलिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली. झोका द्यायला मोठेबाबा तयार झाले, पण दोरी एवढी लांब घेतली की पार बांधावर जाऊन बसले.

"बाबा, नात हाये ते तुमची, वाघ नाही!" ताई म्हणाली. आम्ही हसलो. ती हसली नाही.

दुपारी भाकर खाताना तिनं सरळ विचारलं, "काऊन घेत नाही तिले? पोरगी झाली म्हणून?"

त्यांनी हातातला घास परत ठेवला.

"नाही वं माय. फौजेत असताना नाक्यावर होतो मी. एका बाईजवळ तापलेलं लेकरू होतं. दवाखान्यात जायाचं म्हणे. कोणालेच सोडू नका, असा हुकूम होता. नाही सोडलं. सकाळी त्याच रस्त्यानं वापस आली ते. लेकरू गेलं होतं."

"हुकूम होता न, बाबा."

"हुकूम साहेबाचा होता. आडवे हात माहे होते."

माझ्या प्रश्नावलीत भीतीबद्दल सारं होतं, याबद्दल काहीच नव्हतं. हे कसं मोजतात, मला आजही नीट सांगता येत नाही.

ताईनं आणखी समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दोरीला गाठ मारून ती थोडी आखूड केली. मोठेबाबा गुमान पुढे सरकून बसले. मग रोज एक गाठ.

एका दुपारी पोर रडायला लागली. ताई लांबच्या तासात, कपाशीच्या पार पलीकडच्या ओळीत होती. मोठेबाबांनी मला बोलावलं.

"तू ठेव माह्या मांडीवर. मी नाही उचलत."

मी ठेवली. त्यांचे दोन्ही हात हवेत, अंगापासून लांब. पोर पाय झाडत सरकायला लागली. मी हात पुढे केला, पण त्याआधीच त्यांचे हात खाली आले होते.

ताई वेचायचं सोडून तिथूनच पाहत होती.

"ये वं लवकर," ते ओरडले, "भूक लागली हिले!"

ती धावत आली. पदर सावरून तिनं हात पसरले, तरी मोठेबाबांनी पोर लगेच दिली नाही.