शनीचं स्टिकर

शनी बघायच्या रांगेतले एक काका काल डोळा लावायच्या आधी वाकून दुर्बिणीच्या पुढच्या तोंडातच बघायला लागले. "आत स्टिकर चिकटवलंय ना? खरं सांगा ताई."

मागे हशा पिकला. "काका, साडेसाती चालू आहे वाटतं!"

मला राग आला तो हसणाऱ्यांचा. तासभर माणसं येत होती, 'वा' म्हणून पुढे जात होती. मी खरंच स्टिकर दाखवलं असतं, तरी त्यांनी 'वा'च म्हटलं असतं. अशा 'वा'चा मला दाट संशय येतो. भौतिकशास्त्रात पीएचडी करून मी प्रयोगशाळा सोडली आणि विज्ञानप्रसाराला लागले, तेव्हा माझे मार्गदर्शक म्हणाले होते, "आता गावोगाव खेळ करणार?" मी तावातावाने भांडले होते. पण नुसते 'वा' गोळा करायचे असतील, तर सर चुकले कुठे?

"काका, आता इथे डोळा लावा आणि हात न लावता नुसतं बघत राहा."

थोड्या वेळाने ते ओरडले, "अहो, हा सरकतोय! चालला बाहेर!"

"स्टिकर सरकेल का?"

"नाही. पण मग ह्याला ढकलतंय कोण?"

सरकत होतो आपण, फिरणाऱ्या पृथ्वीसकट. पण हे दोन शब्दांत सांगितलं, तर काकाही 'वा' म्हणून निघून जाणार.

तेवढ्यात आयोजक कानाशी आले. "मॅडम, रांग खोळंबलीय. फोटोवाले थांबलेत."

"खोळंबू द्या," मी म्हणाले आणि काकांसाठी खुर्ची ओढली.