कुऱ्हाडीच्या खेळाचा दुसरा भाग

माझ्या धाकट्या भावाच्या भुवईत एक खाच आहे. ती मी सहावीत असताना कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काडीने पाडली. माझ्या दंडावर त्याच्या दातांची निशाणी आहे. ढाणकीच्या आमच्या घरात भांडण म्हणजे तोंडाचं काम नव्हतंच, सरळ हात उचलायचा. आई दोघांनाही बडवायची आणि म्हणायची, "हात तुटले पायजे तुमचे."

आमची मारामारी थांबली ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळामुळे. कुठल्याशा लांबच्या देशातल्या दोन मित्रांनी घरी बसून बनवलेला तो छोटासा खेळ. लाकडी पुलावर दोन माणसं, हातात कुऱ्हाडी, जो खाली पडेल तो मेला. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचं, उजवीकडून मी, डावीकडून तो. रक्त असं उडायचं की आई पदर तोंडाला लावायची. पण टीव्हीवर काय लावायचं, गाडी कोणी न्यायची, सगळं आम्ही त्या पुलावर ठरवायला लागलो. हरला त्याने मुकाट्याने ऐकायचं. मग आमच्यात कोणी कोणाच्या अंगाला हात लावला नाही.

पुढे माझं लग्न होऊन मी उमरखेडला गेले, बाबा वारले आणि शेताचा विषय निघाला. भावाचं म्हणणं, बहिणीने हक्क सोडून सही करायची असते, सगळ्याच करतात. मी म्हटलं, करत असतील, माझा वाटा मला पाहिजे. तो तावातावाने उठला. मीही पायातली चप्पल काढली. तेवढ्यात तोच थांबला.

"पुलावर ये," म्हणाला. आणि लगेच, "नाही, तो खेळ तुले पाठ आहे. दुसरा भाग येऊन राह्यला. त्याच्यावर ठरवू."

मला पटलं. नवा खेळ, दोघंही कोरे.

तो दुसरा भाग काही येईना. बनवणारे दर दिवाळीला माफी मागायचे आणि तारीख पुढे ढकलायचे. मध्ये त्यांनी एक झलक दाखवली. नवा पूल, वर पाऊस, आणि कुऱ्हाडीऐवजी हातात साखळ्या. भात शिजेपर्यंत मी ती पुन्हा पुन्हा बघायची आणि मनातल्या मनात भावाचा गळा आवळायची. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. तोही तेच करत असणार, कारण मध्येच त्याचा मेसेज यायचा, "ताई, तुही मान जाते यावेळी." शेत तो वाहत होता, कापूस त्याच्या घरात भरला जात होता आणि मी थांबले होते.

यंदा तो खेळ आला. मी पहिल्या बसने ढाणकी गाठली. भावाने लॅपटॉप पलंगावर मांडून ठेवला होता, आईने चहा आणून दिला. खेळ उघडला. पूल होता, पाऊस होता, साखळ्या होत्या. दोघांनी खेळायची सोय मात्र कुठेच नव्हती. बनवणाऱ्यांनी ती काढूनच टाकली होती. आता एकट्याने कॉम्प्युटरशी लढायचं.

"आता काय करायचं बे?" मी विचारलं.

"काय करायचं काय? सही कर."

मी लॅपटॉप उचलून त्याच्या छातीवर घातला. त्याने माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. मी त्याच्या नाकावर डोकं मारलं. कपबशा फुटल्या, त्याचं नाक फुटलं, माझा ओठ फाटला. आई मध्ये पडली तेव्हा तिच्या मनगटावर एक ठोसा बसला. तो कोणाचा, हे आम्हाला अजून माहीत नाही. ती रडलीसुद्धा नाही, मनगट धरून तिथेच खाली बसली. मी रक्त थुंकले आणि भावाला म्हटलं, "शेताची मोजणी लाव."

मोजणी झाली, शेतात मधोमध धुऱ्याचा बांध पडला. माझा तुकडा मी एका ओळखीच्याला बटईने दिला, अर्धं पीक त्याचं, अर्धं माझं. भाऊ माझ्याशी बोलत नाही. आता तो खेळ त्याच्याकडे आहे, माझ्याकडेही आहे.

नवरा कामावरून यायच्या आत मी खेळून घेते. समोरचा माणूस चांगला लढतो, पडतो, मरतो. पण तो शिव्या देत नाही, हरल्यावर आणखी एका डावासाठी हट्ट धरत नाही. परवा मी त्याला सलग मारत सुटले आणि मध्येच मला रडू फुटलं. मारायला मला माझा भाऊच पाहिजे.