प्रवासास योग्य

"घाण!" मॅडम म्हणायच्या आणि नाकाचा शेंडा एका बाजूला वळायचा. आमच्या माइनच्या कँटीनमधली कॉफी घाण, माझ्या भाड्याच्या घरातलं कार्पेट तर दारातूनच घाण. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांनी नावं ठेवली तरी कुणाला वाईट वाटत नाही.

मॅडम मूळच्या पुण्याच्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं पॅथॉलॉजिस्ट होत्या. निवृत्तीनंतर पर्थला मुलीकडे गेल्या नाहीत. तासाभराच्या ड्राइव्हवर एक जुनं खाणगाव होतं, तिथल्या छोट्या म्युझियममध्ये दर शनिवारी जुने कागद नीट लावायला जायच्या. लांब गाडी चालवणं त्यांना जमेना, म्हणून मी त्यांचा ड्रायव्हर झालो आणि मग स्कॅनरवर बसलो.

कागद होते एकोणिसाव्या शतकातल्या त्या गावच्या डॉक्टरचे. स्वयंसेवक घोडदळाचा सर्जनही तोच. मुख्य रस्त्याला अजून त्याचं नाव आहे. तीन पेट्या कुणाच्या तरी शेडमधून आल्या होत्या. उंदरांच्या लेंड्या, कसर, कुबट वास. त्याचं अक्षर फक्त मॅडमना लागायचं.

"शूर तुकडी म्हणे!" घोडदळाचे हजेरीपट वाचत त्या हसायच्या. "अर्धी जुलाबाने झोपलीय, उरलेली दारूने."

मग तिसरी पेटी उघडली. तिच्यात सर्टिफिकेटं होती. पोलीस ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी माणसांना पकडून, गळ्यात साखळ्या घालून, मैलोन्‌मैल चालवत न्यायचे. निघण्याआधी डॉक्टर त्यांना तपासायचा.

मॅडम वाचू लागल्या. "पुरुष, अंदाजे तीस. मानेची कातडी सोललेली. पू. जखमेत अळ्या." त्या थांबल्या. "प्रवासास योग्य. खाली सही."

पुढचा कागद स्त्रीचा. त्याच्या पुढचा मुलीचा, अंदाजे चौदा. त्याला घडी घालून एक पुडी टाचली होती. मॅडमनी ती उघडली. आत कापलेले केस होते, 'नमुना' असं लिहून ठेवलेले.

मी बाहेर जाऊन उलटी केली. परत आलो तर मॅडम तशाच बसलेल्या. त्या दिवशी त्या 'घाण' म्हणाल्या नाहीत.

"यानं अळ्या पाहिल्या," त्या हळूच म्हणाल्या. "पाहिल्या, लिहिल्या, आणि सही केली. मीही आयुष्यभर रिपोर्टांवर सह्याच केल्या रे."

म्युझियमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक, तसे भले गृहस्थ. डॉक्टरच्या स्मरणार्थ त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. "काळच वेगळा होता, डॉक," ते मॅडमना म्हणाले. "ही पेटी राहू दे बाजूला. नो वरीज."

"कातडं तेव्हाही एवढंच दुखायचं," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. पुडी त्यांनी टेबलावर ठेवली. "हे या पोरीच्या माणसांकडे जाईल. नाहीतर मी हे सगळीकडे सांगत फिरेन."

अध्यक्ष पुडीकडे पाहत खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "घेऊन जा."

हॉस्पिटलमधली एक ॲबोरिजिनल नर्स मॅडमच्या ओळखीची होती. तिची माणसं मूळची त्याच भागातली. ती आपल्या म्हाताऱ्या मावशीला घेऊन आली. मॅडम उभ्याच राहिल्या.

"यात वाईट लिहिलंय," त्या म्हणाल्या. "थोडक्यात सांगू का?"

"नको. सगळं वाच," मावशी म्हणाली.

मॅडमनी सगळं वाचलं, अळ्यांसकट. मावशी पुडी ओंजळीत घेऊन गेली. प्रदर्शन झालं. तलवार, स्टेथोस्कोप, चीज-बिस्किटं. सर्टिफिकेटं कुणी मांडली नाहीत. मॅडम त्या हॉलमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हत्या. पुढचे कितीतरी शनिवार मात्र त्या मागच्या खोलीत बसून एक वही भरत राहिल्या.

मग त्यांना कॅन्सर निघाला आणि मुलगी त्यांना पर्थला घेऊन गेली. एअरपोर्टवर त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "मावशीला दे. तिच्यासमोर रडू नकोस, तिला तुझं सांत्वन करत बसायला लावू नकोस."

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या.

वही मी मावशीला दिली. तिच्यात प्रत्येक सर्टिफिकेटसाठी एक पान आहे. तारीख, कुठून कुठे नेलं, काय जखम. सगळ्यात वर 'नाव' लिहून पुढची जागा कोरी सोडलेली. डॉक्टरने एकाचंही नाव लिहिलं नव्हतं. मावशी आणि तिच्या बहिणी आता वही घेऊन महिन्यातून एकदा म्युझियमच्या मागच्या खोलीत येतात. तारखा, जागा पाहतात, आपसांत बोलतात, नातलगांना फोन लावतात. मी चहा करतो. आतापर्यंत तीन पानांवर नावं आली आहेत.