तेरहची साठ वर्षं

कॅनी फोर्कमध्ये कुणाला पृथ्वीचं वय हवं असेल, तर तो पास्टरला विचारत नसे. व्हर्लीन स्टिडमला विचारत असे. व्हर्लीनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि केंटकीच्या त्या डोंगरवळणांवर स्टिअरिंग फिरवता फिरवता दोन पिढ्यांकडून बायबलातलं उत्पत्तीचं पुस्तक पाठ करून घेतलं. मागच्या सीटवरून एखादं कार्टं ओरडे, "मिस व्हर्लीन, मथुशलह बुडून मेला का हो?"

"नऊशे एकोणसत्तर वर्षांचा होऊन मेला, आणि त्याच वर्षी जलप्रलय आला. बुडून की कसा, ते त्यालाच विचार. आता खाली बस, नाहीतर आज आपण सगळेच त्याला भेटू."

तिचा बाप कोळशाच्या खाणीत होता. एकदा त्याने काळ्या पाटीवर उमटलेलं नेच्याचं पान आणून तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "नोहाच्या पुरात गाडलं गेलेलं आहे हे."

"म्हणजे किती वर्षांपूर्वी?"

"पुस्तकात आहे सगळं. बेरीज कर."

सात वर्षांच्या पोरीने बेरीज करायला घेतली, ती थांबलीच नाही. आई आजारी पडली म्हणून दहावीनंतर शाळा सुटली, पण आदाम ते अब्राहाम कोण कितव्या वर्षी बाप झाला, हे तिला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येई. पुढे दर जूनमध्ये मुलांच्या बायबल आठवड्याला ती चर्चच्या हॉलमध्ये भिंतभर कागद लावू लागली. शंभर वर्षांना एक वीत, अशा साठ विती. डाव्या टोकाला देवाने जग घडवलं ते सहा दिवस, उजव्या टोकाला आपलं चर्च. मुलं चित्रं काढून त्या त्या वर्षावर चिकटवत. असा चोवीस वर्षांचा नेम.

यंदा मार्चमध्ये पास्टर हार्गिस तिला म्हणाले, "सिस्टर व्हर्लीन, खूप केलंत. यंदा आराम करा. भिंत ब्रेन्ना बघेल."

ब्रेन्ना म्हणजे त्यांची नवी सून. ख्रिस्ती कॉलेजातून दगडांचं शिक्षण घेऊन आलेली, कमरेला हातोडी लटकवून फिरणारी. रस्त्याकडेच्या कापलेल्या टेकाडातून ती समुद्राचे शिंपले काढून दाखवी. "चारशे मैलांवर समुद्र, आणि हे इथं कसं आलं? सांगा!" ती विचारी, आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत, "जलप्रलय!"

हेच व्हर्लीनने चोवीस वर्षं शिकवलं होतं. पण तिच्यासाठी असं कधी कुणी ओरडलं नव्हतं.

तिच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. म्हणजे कागदी पेल्यांतून सरबत वाटणं. सोमवारी तिची सख्खी नात लूसी पेला घ्यायला आली. व्हर्लीनने लाडाने विचारलं, "पणजोबांचं नेच्याचं पान आणून दाखवू का तुम्हाला?"

"मिस ब्रेन्नाकडे तसली नऊ आहेत, मॅमॉ. आणि प्रत्येकाला लॅटिन नाव आहे."

व्हर्लीनने पुढच्या पोराचा पेला भरायला घेतला.

मंगळवारी ती ट्रे घेऊन भिंतीजवळून गेली आणि तिथेच थबकली. अब्राहाम जगाच्या आरंभापासून एक हजार नऊशे अठ्ठेचाळीसाव्या वर्षावर बसला होता.

नवखा माणूस घसरतो तो नेमका इथेच. अब्राहामाचा बाप तेरह सत्तर वर्षांचा झाल्यावर त्याला अब्राम (म्हणजे अब्राहामच), नाहोर आणि हारान झाले, असं लिहिलंय. अब्रामाचं नाव पहिलं, म्हणून माणूस त्याला थोरला समजून सत्तर मिळवून मोकळा होतो. पण तेरह मेला दोनशे पाचाव्या वर्षी, आणि बाप मेल्यावर अब्राम हारान नगर सोडून निघाला तेव्हा पंचाहत्तरचा होता. म्हणजे तो जन्मला तेव्हा बाप एकशे तीस वर्षांचा. खरा आकडा दोन हजार आठ. देवाच्या पृथ्वीची साठ वर्षं या पोरीने गिळली होती.

"कसं झालंय, मिस व्हर्लीन?" ब्रेन्नाने शिडीवरून विचारलं.

"सुरेख," व्हर्लीन म्हणाली. मार्चनंतर पहिल्यांदाच ती गुणगुणत स्वयंपाकघरात परतली.

घरी येऊन तिने नवऱ्याला, ऑर्बिनला, सगळं सांगितलं. तो ओसरीत घेवड्याच्या शेंगा मोडत बसला होता.

"मग सांगितलंस तिला?"

"रविवारी सांगेन. सगळ्यांसमोर."

"तोवर पोरं मोशे, दावीद सगळे डकवून बसतील की."

"डकवू देत."

ऑर्बिनने एक शेंग कडकन मोडली. "जळून भावाला मारणाऱ्या काइनाच्या घरात जन्माला यायचीस, बाई. शोभली असतीस."

"तू शेंगा मोड."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती सरबत वाटत राहिली आणि चुकीच्या वर्षांवर एकेक चित्र चिकटताना पाहत राहिली. लूसीने आपला दावीद तीनदा फाडून चौथ्यांदा काढला. तेव्हा मात्र व्हर्लीनने मान दुसरीकडे वळवली.

रविवारी उपासना झाली आणि हॉल भरला. टेबलांवर मक्याचा पाव, उकडलेल्या मसाला-अंड्यांची ताटं, केळ्याचं पुडिंग. ब्रेन्ना भिंतीवर काठी ठेवत आदामापासून अब्राहामापर्यंत आली, आणि व्हर्लीनने हात वर केला.

"पोरी, तेरहची साठ वर्षं कुठं गेली गं?"

व्हर्लीनने अध्याय सांगितले, वचनं सांगितली. पुस्तक न उघडता. ब्रेन्नाने मात्र उघडलं. बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिची मान लालभडक झाली. याच क्षणासाठी व्हर्लीनने पाच दिवस काढले होते.

"बरोबर आहे तुमचं," ब्रेन्ना म्हणाली. "मी चुकले. मुलांनो, देवाचं वचन बरोबर असतं, मिस ब्रेन्ना चुकते. लक्षात ठेवा! आणि मिस व्हर्लीन, थँक्यू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळा ब्रेन्नासाठी.

"काय मोठ्या मनाची पोरगी!" शेजारची ड्रीमा पुडिंगचा चमचा हातात तसाच धरून म्हणाली. "मी असते तर रडले असते."

जेवणं आटोपली. ठरलं असं, की तेरह आणि अब्राहाम यांच्यामध्ये कागद कापायचा, पुढचा सगळा उजवीकडे सरकवायचा आणि मध्ये साठ वर्षांची पट्टी जोडायची. एक टोक ब्रेन्नाने धरलं, दुसरं व्हर्लीनने.

"बरं झालं, आज तरी लक्षात आलं तुमच्या," तोंडात टाचण्या धरून ब्रेन्ना म्हणाली.

हो म्हणून सुटता आलं असतं. पण बोललेलं ऐकणारा वर बसलाय, हे व्हर्लीनला ठाऊक होतं.

"मंगळवारीच आलं होतं."

ब्रेन्नाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "मंगळवारी? मी विचारलं तेव्हा सुरेख म्हणालात ना?"

"म्हणाले."

"सतरा पोरं चार दिवस राबली. लूसीने दावीद चारदा काढला. आणि तुम्ही सरबत वाटत बघत होतात? तुमची नात आहे ती!"

"भिंत माझी होती."

"मग घ्या!" ब्रेन्नाने टोक सोडलं. अब्राहामापासूनचा कागद सळसळत जमिनीवर आला. "घ्या तुमची भिंत. पुढच्या वर्षीही घ्या. सासऱ्यांना मी सांगते. चला रे पोरांनो, शिंपले काढायला!"

पोरं पळाली. व्हर्लीनने कागद एकटीने उचलला; खुर्चीवर चढत, उतरत, टाचण्या मारत नेऊन लावला. अब्राहाम दोन हजार आठवर आला. पट्टी जोडली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ती पांढरीफटक आहे. एवढ्या गजबजलेल्या भिंतीत मध्येच अर्ध्या वितीहून मोठी मोकळी जागा. त्या साठ वर्षांत तेरहने काय केलं, याबद्दल उत्पत्तीत एक अक्षर नाही. तिला चित्र काढता येत नसे. ते नेहमी पोरं काढत.

तिने खिडकी वर सरकवली. खाली टेकाडाशी सतरा डोकी ब्रेन्नाभोवती वाकलेली, हातोडीचा ठणठण आवाज.

"ब्रेन्ना!" आवाज ओढूनताणून गोड करत ती म्हणाली. "एक पोर पाठवतेस का वर? चित्र हवंय."

ब्रेन्नाने मान वर केली नाही. "त्यांनाच विचारा, कुणाला यायचंय."

"लूसी? ए लूसी, मॅमॉला तेरह काढून देतेस?"

"थांब ना गं, मॅमॉ! मला अख्खा शिंपला सापडतोय!"

व्हर्लीन हातात रंगखडू घेऊन खिडकीशी थांबली.